सत्तेचाळीस नंबरचा अर्ज

आमच्या ऑफिसात एकशे बारा माणसं आहेत आणि त्यांतल्या एकशे अकरांच्या हाती कॉम्प्युटर देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं, असं माझं स्वच्छ मत होतं. एकशे बारावा मी स्वतः. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. बाकीचे चार मजल्यांवर बसून लोकांच्या लिफ्टची काळजी वाहतात आणि मी तळघरात, सर्व्हरच्या खोलीत बसून ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. माझ्या मागे मला सगळे ‘कुलूप’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण तोंडासमोर मी कोणाला येऊच देत नसे.

तुम्ही म्हणाल, एवढा तिटकारा कशासाठी. सांगतो. मागच्या वर्षी आवक-जावक विभागातल्या बाईंना एक मेल आला: तुम्हाला बक्षीस लागलं आहे, इथे क्लिक करा. बाईंनी केलं. काही झालं नाही म्हणून शेजारणीलाही करायला लावलं. त्यानंतर अकरा दिवस ऑफिसातली एकही फाईल उघडेना. कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट, तिचे दोर कधी बदलले, कशाचा पत्ता नाही. आमचे मेकॅनिक दारोदार फिरून पहारेकऱ्यांना विचारत होते, “आम्ही इथे शेवटचे कधी आलो होतो हो?” आमचे साहेब, ज्यांना तोवर मी आणि नळ दुरुस्त करणारा यांतला फरक कळत नसे, ते तळघरात उतरले, एका रिकाम्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, “बाबा रे, यापुढे तू म्हणशील ती पूर्व दिशा.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ताक फुंकत बसलो नाही, सरळ झाकण घालून टाकलं. व्हिडिओ बंद. खासगी मेल बंद. पेनड्राइव्हच्या खाचांत डिंक. प्रत्येक टेबलासमोर भिंतीवर माझी नियमावली चिकटवलेली. तिचा नियम क्रमांक एक: खासगी मोबाईल ऑफिसच्या कामासाठी वापरल्यास तत्काळ निलंबन. कोणाला काही उघडून हवं असेल तर त्यानं अर्ज करायचा. अर्ज आला की मी त्याच्या टेबलावरच्या फोनवर फोन करणार, कारण दुसऱ्याच्या मशीनवर बसून अर्ज ठोकणारे महाभाग आमच्याकडे कमी नाहीत. आवाज ऐकून माणसाची खात्री पटली की पुढचं. फोन उचलला नाही तर उत्तर तयारच असायचं: ‘अर्ज अपूर्ण. रद्द.’

आणि खात्री पटली तरी दार लगेच उघडायचं नाही. मध्ये बहात्तर तास जायलाच हवेत अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. ती मोडायची मुभा मी स्वतःलाही ठेवली नव्हती. कोणी रडलं, कोणी साहेबांची ओळख सांगितली, कोणी वाढदिवसाचा केक आणून दिला, तरी माझ्या हातात काही नाही. या व्यवस्थेचा मला फार अभिमान होता.

शिवाय यादी होती. दर सोमवारी सकाळी मी पिण्याच्या पाण्याजवळच्या बोर्डावर एक कागद लावायचो, ‘या आठवड्यातली उपद्रवी मशीनं’. पाच नंबर. नावं नाहीत, कारण मी नावांनी कोणाला ओळखत नव्हतो. मला येतात ते नंबर. लोक पाणी प्यायला येत, यादीत आपला नंबर नाही हे पाहत आणि ज्याचा असेल त्याला हसत. नोकरीत कायम असलेल्यांना हसण्यापलीकडे काही होत नसे. पण जो पहिल्या तीन महिन्यांच्या मुदतीवर आहे, तो तीनदा यादीत आला की त्याची फाईल साहेबांकडे, असं मीच ठरवून घेतलं होतं. एक नंबरचं मशीन तेवढं या सगळ्यातून वगळलेलं. ते साहेबांचं. साहेब दुपारभर गंजलेले चाकू घासूनपुसून लख्ख करणाऱ्या माणसाचे व्हिडिओ बघतात. आपला तो बाब्या.

सत्तेचाळीस नंबर नवा होता. दोनेक महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर, सुट्या भागांच्या विभागात सुरू झालेला. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग एकदा आकडे पाहिले आणि डोळे विस्फारले. रोज अकरा ते एक आणि तीन ते पाच, सलग व्हिडिओ. साइटचं नाव कधी न ऐकलेलं, म्हणून माझ्या चाळणीतून निसटलेली. मी म्हटलं, वा! सव्वादोन महिने झाले नाहीत तर स्वारी ऑफिसात मालिका बघते, आणि तीसुद्धा जेवणाची सुट्टी सोडून, म्हणजे सुट्टीत पुन्हा गप्पा मारायला मोकळी. मी ती साइट बंद केली आणि सोमवारच्या यादीत सत्तेचाळीस सगळ्यात वर टाकला.

पुढच्या आठवड्यात त्या मशीननं बंद दारावर दोनशे बारा धडका मारल्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हटलं, आणि यादीत दुसऱ्यांदा टाकला. मग अर्ज आला. कारणाच्या रकान्यात मी चाळीसच अक्षरांची जागा ठेवली आहे, कारण लोकांना कारण विचारलं की ते कादंबरी लिहितात. तिथे लिहिलं होतं: ‘कामाचे फोन करायला व्हिडिओ लागतो.’

मी इतका हसलो की पाणी नाकात गेलं. फोन करायला व्हिडिओ! उद्या म्हणतील पाणी प्यायला शिडी लागते. तरी नियमाप्रमाणे मी फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. ‘अर्ज अपूर्ण. रद्द.’ तीन दिवसांनी पुन्हा तोच अर्ज. या वेळी फोन कुणा पुरुषानं उचलला. “हॅलो, हे बघा, त्या बाईंना...” इतकं म्हणाला तोच मी म्हणालो, “अर्जदारच हवा,” आणि फोन आपटला. वकील नेमलेत वाटतं! तिसऱ्या अर्जाच्या वेळी फोन नुसताच वाजत राहिला. तातडीचं म्हणायचं आणि फोन उचलायचा नाही. गरज यांना आणि मिजासही यांचीच.

घरी मी हे बायकोला रंगवून सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हसली नाही.

“मग तू वर जाऊन का नाही विचारलंस?” ती म्हणाली.

“चार मजले? आमची लिफ्ट दोन आठवडे बंद आहे.”

“लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतली लिफ्ट बंद?”

“दाराचा रोलर मिळत नाहीये म्हणे. वरचे नुसते बसून खातात.”

तिनं घडी घातलेला सदरा उलगडला आणि पुन्हा घातला. “तुला ना, माणसं नकोच आहेत,” ती म्हणाली. “माझासुद्धा एक अर्ज भरून घे, म्हणजे मला संध्याकाळी तुझ्याशी बोलता येईल.” मी म्हणालो, बहात्तर तासांनी कळवतो. त्यावरही ती हसली नाही.

सोमवारी सत्तेचाळीस तिसऱ्यांदा यादीत आला. फाईल साहेबांकडे गेली. तीन महिन्यांची मुदत त्याच आठवड्याच्या शुक्रवारी संपत होती, आणि पुढच्या सोमवारी बाहेरचे तपासनीस आमच्या नेटवर्कची तपासणी करायला येणार होते. साहेबांनी शुक्रवारी अकराला बैठक लावली. मी यादी, आलेख आणि दोनशे बारा धडकांची नोंद घेऊन चार मजले चढलो. छातीचा भाता झाला होता, पण आवेश कायम होता.

खोलीत साहेब होते, स्टोअर सांभाळणारे काका होते आणि सुट्या भागांचा विभागप्रमुख होता. त्याला सगळे होयबा म्हणतात, आणि तो त्यालाही हो म्हणतो. टेबलाच्या टोकाला पस्तिशीची एक बाई बसली होती, पुढ्यात वही आणि पेन्सिल. मी पडद्यावर आलेख लावला आणि सुरू झालो. ऑफिस ही करमणुकीची जागा आहे का, इथून. बाई आलेख बघत होती. माझ्याकडे ढुंकूनही नाही. मी म्हणालो, “बाई, मी तुमच्याशी बोलतोय.” तिनं वहीचं पान उलटलं. माझं डोकं सणकलं. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, “अहो, ऐकू येत नाही का?”

टेबल हादरलं तेव्हा तिनं वर पाहिलं. आधी टेबलाकडे, मग माझ्याकडे.

“नाही येत,” काका म्हणाले. “ओरडू नकोस. जन्मापासून येत नाही.”

पडद्यावर माझा आलेख तसाच होता, सत्तेचाळीसची लाल रेघ सगळ्यांच्या वर.

मग काकांनी सांगितलं. आमच्याकडे एक रीत आहे. पूर्वी एकदा चुकीच्या मापाचे दोर आले होते, तेव्हापासून कुठलीही ऑर्डर पाठवण्याआधी ज्याची ऑर्डर त्यानंच पुरवठादाराला फोन करायचा, त्यानं तो सुटा भाग हातात घ्यायचा आणि त्यावर कोरलेला नंबर मोठ्यानं वाचून दाखवायचा. लेखी चालत नाही, हातात घेऊनच. ही बाई ते फोन दुभाषीमार्फत करायची. ती साइट म्हणजे ऐकू न येणाऱ्या लोकांसाठीची सोय. पडद्यावर एक दुभाषी बाई बसते, आमच्या बाईंच्या हातांच्या खुणा बघते आणि पुरवठादाराशी फोनवर बोलते. तो सांगेल ते परत खुणांनी दाखवते. अकरा ते एक आणि तीन ते पाच, म्हणजे पुरवठादार जागेवर सापडतात त्या वेळा. मी साइट बंद केल्यापासून बाईंच्या बारा ऑर्डरी तुंबल्या होत्या. आठ लिफ्ट त्यामुळे उभ्या होत्या. एक आमची स्वतःची.

“तुला माहीत नव्हतं?” साहेबांनी मला विचारलं.

“मला कोणी सांगितलं नाही.”

“फोन मीच उचलला होता,” काका म्हणाले. “तू म्हणालास अर्जदारच हवा. मी म्हटलं, बरं बाबा.”

मी होयबाकडे पाहिलं. “मला वाटलं, नियम म्हणजे नियम, साहेब,” तो म्हणाला आणि कपात बघत राहिला. या माणसानं तिला नोकरीवर घेताना हो म्हटलं होतं, मी साइट बंद केली तेव्हाही हो म्हटलं होतं. आणि पाण्याजवळ उभे राहून तिच्या नंबराला हसणारे ते सगळे? त्यांना ठाऊक होतं. ऑफिसात एकशे दहा जणांना ठाऊक होतं. पण सत्तेचाळीस वर आहे तोवर आपला नंबर खाली राहतो, मग तोंड कोण उघडेल? त्यांच्यावर थुंकावंसं वाटलं मला. पण यादी त्यांनी लावली नव्हती.

बाईनं वहीवर काही लिहून साहेबांकडे सरकवलं. साहेबांनी वाचून दाखवलं: “व्हिडिओ द्या. संध्याकाळपर्यंत बारा होतील.”

“उघड,” साहेब मला म्हणाले.

“बहात्तर तास लागतील.”

“हे कोणी ठरवलं?”

“मी.”

“मग तू मोड.”

“मला मोडता येत नाही, साहेब. तशीच व्यवस्था केली आहे.”

“शहाणा आहेस,” साहेब म्हणाले. तेवढंच.

काका म्हणाले, “साहेब, तुमचं मशीन मोकळं आहे. तिथे बसू दे तिला.” साहेब खाकरले. त्यांच्या मशीनवर गोपनीय गोष्टी असतात, तिथे कोणाला बसवणं बरं नाही, असं त्यांनी सांगितलं. गंजलेले चाकू! मग घड्याळ पाहून म्हणाले, “हे बघा, मला सगळं कळतं. पण आठ लिफ्ट बंद आहेत. सहापर्यंत ऑर्डरी गेल्या तर मी हिला कायम करण्याच्या कागदावर सही करतो. नाही तर फोनवर बोलू शकणारं माणूस बघावं लागेल.” हे त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, त्यामुळे काकांना ते तिच्यासाठी लिहावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि चोर त्याच खोलीत हातात आलेख घेऊन उभा होता.

मला लाज वाटली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं जिना उतरताना माझं डोकं सबबीच शोधत होतं. सोमवारी तपासणी आहे. एका मशीनला सवलत दिसली की शंभर प्रश्न येतील. मागच्या वर्षीचे अकरा दिवस आठवा. पहिल्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबलो, तेव्हा आठवलं की जिना चढउतार करायला लावणारा तो रोलर मीच अडवला आहे. मी मागे फिरलो.

ती आपल्या टेबलाशी बसली होती. बारा कागद ओळीनं मांडलेले. मी खिशातून माझा मोबाईल काढला, ती साइट उघडली आणि तिच्यापुढे धरला. माझं इंटरनेट, माझ्या नेटवर्कशी संबंध नाही. बाराच्या बारा फोन करा, अशा अर्थाचे हातवारे केले. मला वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल.

तिनं मोबाईलला हात लावला नाही. पेन्सिल उचलून भिंतीवरच्या माझ्या नियमावलीवर टेकवली. नियम क्रमांक एक. तत्काळ निलंबन.

मी मान हलवली, हात जोडले, काही होणार नाही असं तोंडानं म्हटलं. तिनं वहीत लिहिलं: “लेखी द्या.” मग खण उघडला आणि माझ्याच अर्जाचा कोरा छापील नमुना माझ्यापुढे ठेवला. बाजूची खुर्चीही ओढून दिली.

मी अर्ज भरायला बसलो. मजल्यावरचे सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून तिरक्या नजरेनं बघत होते. काय हवं आहे: अर्जदारास माझा मोबाईल वापरण्याची परवानगी आणि साइट कायमची खुली. कारण: चाळीस अक्षरं. माझ्याच चाळीस अक्षरांत माझं काही मावेना. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहिलं. तिनं ते वाचलं आणि पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. मग मी लिहिलं, ‘न विचारता बंद केलं. चूक माझी.’ खाली सही केली आणि अर्ज तिच्याकडे दिला.

तिनं सावकाश वाचला आणि कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहून मला परत दिला: ‘अर्ज अपूर्ण.’

मी वरून खाली पाहिलं. काही राहिलेलं दिसेना. तिनं पेन्सिल दुसऱ्या ओळीवर ठेवली. अर्जदाराचं नाव. तिथे मी लिहिलं होतं, ‘मशीन क्र. ४७’.

मला तिचं नाव माहीत नव्हतं. तीन अर्जांवर तिनं ते लिहिलं होतं, आणि मी कारणाच्या रकान्यापलीकडे काही वाचलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावर कोणालाही विचारता आलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी वही ओढली आणि तिला लिहून विचारलं: “तुमचं नाव काय?” ते वाचून तिनं मला दहापर्यंत आकडे मोजता येतील इतका वेळ तसंच बसवून ठेवलं. मग लिहिलं. मी ते अर्जात उतरवलं, आडनावासकट. तिनं अर्ज खणात ठेवून कुलूप लावलं आणि मोबाईल स्टेपलरला टेकवून उभा केला.

मी बघत राहिलो. पडद्यावर दुभाषी बाई आली, दोघींचे हात चालू लागले, आणि कुठल्यातरी गोदामातला माणूस घाईघाईनं नंबर वाचून दाखवू लागला. नंबर चुकला की ती त्याला थांबवायची, पुन्हा वाचायला लावायची. एकदा तिनं माझ्याकडे बघून हातांनी काही म्हटलं आणि दुभाषीला हसू आलं. मी विचारलं, “काय म्हणाल्या?” दुभाषी म्हणाली, “त्या विचारतात, तुम्ही आणखी कशाला थांबलात?” मी खाली गेलो.

सहापर्यंत अकरा झाल्या. बारावी, आमच्याच इमारतीच्या रोलरची, तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती, आणि तोवर तो पुरवठादार दुकान बंद करून गेला होता. “अकरा म्हणजे बाराच,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. आणखी एक आठवडा आम्ही सगळे जिना चढलो.

सोमवारी तपासनीस आला. तरुण, दमलेला माणूस. सवलतींच्या पानावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “ही एक कोणाची?” मी नाव सांगितलं. कारण सांगितलं. त्यानं खूण केली, पान उलटलं आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. या अर्ध्या मिनिटाला घाबरून मी एका बाईची नोकरी घालवायला निघालो होतो.

यादी मी बंद केली. पडताळणीच्या फोनऐवजी आता वर जातो; लिफ्ट चालू आहे. बहात्तर तास आहेत, कारण बक्षिसावर क्लिक करणाऱ्या बाईही अजून आहेत, पण घाईचं काम असेल तर मी आणि काका दोघांच्या सहीनं दार लगेच उघडतं. चौथ्या मजल्यावर गेलो की मी तिच्या टेबलाशी थांबतो आणि मान लववतो. दुभाषी दिवसभर पडद्यावर असते, कॅमेरा चालू असतो, साइट खुली आहे. आता तिला माझ्याशी हवं ते बोलता येतं. ती बोलत नाही.